पानाला नेलपालिश लावणाऱ्या बाई

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्वतःच्या नखाला कधी नेलपालिश लावायच्या न्हाईत, पानाला लावायच्या. पर्समधी बाटली असायचीच, बिनरंगाची. वर्गात आल्या की हजेरीच्या बी आधी खिडकीतून हात बाहीर काढायच्या, जास्वंदीचं पान उलटं करायच्या आन् त्याच्या पाठीवर बारीक ब्रश फिरवायच्या, नवरीची नखं रंगवावी तसं, वरून फुंकर मारून मारून. बाजारातली बांगड्यावाली त्यांला म्हणायची, "बाई, बिनरंगाचंच कावून न्हेता? घरात कुणी रागं भरतंय का?" तर बाई म्हणायच्या, "माझं गिऱ्हाईक आधीच हिरवं आहे गं, त्याला रंग लागत नाही." आख्ख्या गावानं त्यांचं नाव नेलपालिश बाई पाडलं. त्यांला ठावं व्हतं. एकदा फळ्यावर कुणी तरी तसंच लिहिलं तर त्यांनी पुसलं न्हाई, नेलपालिश मधला चुकलेला वेलांटीचा फराटा तेवढा नीट केला आन् शिकवाया लागल्या.

तुमच्या बी शाळेत असतील अशा एखाद्या बाई. आमच्या गावात असं कुणी टिकत न्हाई. शिरूर कासारच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव हाय, दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडाया जातं, घरात राहत्यात ती म्हातारी माणसं आन् कुत्री. मास्तर लोक येत्यात आन् पहिल्या दिवसापास्नं बदलीची वाट बघत्यात. ह्या बाई आल्या त्या बाटली घेऊन आन् सूक्ष्मदर्शक कुठंय असं इचारत.

सूक्ष्मदर्शक हेडसरांच्या कपाटात व्हता, कुलपात. सर म्हणले, "पोरं फोडत्याल." बाई म्हणल्या, "सर, कपाटात राहून राहून तो आधीच आंधळा झालाय. फुटलाच तर काही तरी बघून फुटू द्या." सर हसले आन् चावी खिशात घातली. मग बाईंनी भांडण न्हाई केलं. रोज प्रार्थनेच्या आधी जाऊन कपाटापुढं उभ्या राहायच्या. बोलायचं न्हाई, बसायचं न्हाई, निस्तं उभं. सर चहा प्यायचे, पेपर वाचायचे, खोकायचे, बाई उभ्या. आमी दारातून बघायचो. शेवटी एक दिवस सर म्हणले, "घ्या बाई, पण माझ्या डोक्यावर उभं राहू नका." बाईंची भांडायची रीत ही अशी. आवाज कवाच चढायचा न्हाई, पण हटायच्या बी न्हाईत.

पानावरली नेलपालिश वाळली की तिच्यावर चिकटपट्टी लावायची आन् हळू वढायची, पापुद्रा निघून येतो, पानाच्या पाठीचा ठसाच तो. तो काचंवर लावायचा. माझी पाळी आली तवा मला आधी काहीच दिसंना, माझ्याच पापण्यांचे केस दिसले. बाईंनी मागून एक चाक फिरवलं आन् एकदम फरशी दिसली, वाकड्यातिकड्या फरश्या बसवल्यावाणी, आन् फरशीत जागोजागी ओठ. दोन दोन ओठ, मधी फट.

"काय दिसतं?" बाईंनी इचारलं.

मी म्हणले, "तोंडं हायेत बाई. लई तोंडं हायेत."

पोरं अशी हसली की मला रडू आलं. बाईंनी हसू दिलं, थांबल्या, मग म्हणल्या, "आता माझं ऐका. हिनं पुस्तकापेक्षा बरं सांगितलं. परीक्षेत पर्णरंध्रं लिहा, बघताना तोंडं बघा." मग फळ्यावर दोन मोठे ओठ काढले. ह्या दोन रक्षक पेशी, म्हणल्या. ह्यांच्यात पाणी भरलं की ह्या फुगतात, धनुष्यासारख्या बाहेर वाकतात, मधली फट उघडते. त्या फटीतून पान बाहेरची हवा आत घेतं, उन्हाच्या जोरावर त्या हवेचं आन् मुळातून आलेल्या पाण्याचं अन्न करतं. पण तोंड उघडलं की आतली वाफ बी बाहीर जाती. पाणी कमी पडलं की पेशी ढिल्या पडतात, एकमेकीला चिकटतात, तोंड मिटतं.

सकाळचा पापुद्रा येगळा असतो आन् दुपारचा येगळा, हे त्यांनी आमाला दाखवलं. उन्हाळ्याच्या तोंडाला, टाकी कोरडी पडलेली, जास्वंदीला दोन दिवस कुणी पाणी घातलं नव्हतं. सकाळी प्रार्थनेच्या टायमाला घेतलेल्या ठशात बरीच तोंडं उघडी. दुपारच्या सुट्टीत घेतलेल्या ठशात निसत्या रेघा, समदी मिटलेली. मी जन्मात पहिल्यांदा वर्गात हात वर केला.

"बाई, कावून मिटली?"

"पाणी वाचवायला."

"मग कायमचीच मिटून कावून बसत न्हाईत? आपल्याकडं तर पाणीच न्हाई."

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणल्या, "ह्याचं उत्तर मी दिलं तर तू उद्या विसरशील. पानालाच विचारू." टाचांच्या भेगांना लावायचं मलम आणलं त्यांनी, घट्ट, चिकट. जास्वंदीच्या एका फांदीवरच्या चार-पाच पानांना खालून जाड थर द्यायला लावला, मीच दिला, एकही तोंड उघडं ठेवलं न्हाई. दुसऱ्या फांदीच्या पानांना मलम वरून लावलं, पाठ मोकळी. पहिले काही दिवस माझी पानं लई खूश दिसली, दुपारी बाकीची माना टाकायची तर माझी ताठ. मी समद्यांला दाखवत फिरले, बगा, माझी पानं हुशार हायेत, पाणीच जाऊ देत न्हाईत. मग हळूहळू ती पिवळी पडली. वरून मलम लावलेली हिरवीच व्हती, आन् माझी पिवळी पडून एक एक करून गळाली. मी गळालेलं पान घेऊन बाईंकडं गेले, रागानं.

"पाणी व्हतं की आत. मग मेलं कावून?"

बाई म्हणल्या, "पाणी वाचलं. पान उपाशी राहिलं." आन् पुढं म्हणल्या, "जपायचं म्हणून कुणाचं तोंड कायमचं बुजवलं ना, की असं होतं. झाडाला ते कळतं म्हणून ते जोखीम घेतं. रोज सकाळी घेतं. वाफ जाते म्हणून कुरकुरत बसत नाही."

गावात मात्र बोभाटा निराळाच झाला. आमच्यातल्या एकीनं बाटलीतली उरलेली नेलपालिश नखाला लावली, घरी आजीनं बघितली, आजीनं पाण्याच्या टाकीवर सांगितलं, आन् बघता बघता झालं काय तर शाळेत पोरींला नटायला शिकवत्यात. शाळा समितीचे अध्यक्ष व्हते, मोठे बागायतदार, त्यांला समदे अण्णा म्हणायचे. ते भर तासाला वर्गात आले, पायात जोडे, मागं दोन माणसं.

"बाई, ऐकलं ते खरं हाय का? पोरींला रंगरंगोटी शिकवता म्हणं?"

"या अण्णा. जोडे बाहेर काढा तेवढे, काचांवर धूळ बसते."

अण्णांनी जोडे काढले न्हाईत. म्हणले, "आता तुमच्या लोकांनी आमाला शिकवायचं का?"

बाई गेवराईच्या, बुद्धविहाराच्या गल्लीतल्या, त्यांची आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, हे समद्यांला ठावं व्हतं. बाईंचं तोंड जरा बी बदललं न्हाई. म्हणल्या, "हो. नेमणुकीच्या पत्रात तेच लिहिलंय. बसा, तुम्हालाही शिकवते."

आन् काच लावली, चाक फिरवलं, बाजूला झाल्या. अण्णा काय करतील, वाकले. वाकले ते वाकलेच. मागची दोन माणसं एकमेकांकडं बघाया लागली. लई वेळानं अण्णा म्हणले, "हे... हे जित्तं हाय का?"

"तुमच्या बांधावरच्या जांभळीचं पान आहे अण्णा."

"माझ्या?"

"तुमच्याच."

अण्णा परत वाकले. उठले तवा आवाज उतरला व्हता, पण माणूस तो माणूस, म्हणले, "हां. पानाचं ठीक हाय. पण पोरींच्या नखाला नको."

बाई म्हणल्या, "पोरींची नखं पोरींची आहेत."

पुढं त्यांची बदली झाली ती ह्याच्यानंच, असं काही लोक म्हणत्यात. खरं खोटं मला ठावं न्हाई. त्या दिशी मात्र अण्णा गेल्यावर मी बघितलं, बाईंचा हात लटलट कापत व्हता, इतका की काच खाली ठेवता येईना. मी इचारलं, "बाई, तुमी भ्यालात?" म्हणल्या, "मग? भ्यायला माझी ना नाही. भ्यायचं, आणि भीत भीत करायचं." मी जलमाची भित्री. अंधाराला भ्यायचे, वडलाच्या खोकण्याला भ्यायचे, सायबाला, कुत्र्याला, समद्यांला. मला वाटायचं न भिणारी माणसंच काही तरी करत्यात. त्या दिशी पहिल्यांदा कळलं की कापणाऱ्या हातानं बी करता येतं.

मी आठवीत असताना आई-बाप तोडणीला निघाले तवा बाईंनी घरी येऊन मला मामाकडं ठेवायला लावलं, तो एक हंगाम मी शाळेत काढला. नववीत न्हाई जमलं. धाकटा भाऊ रांगता, त्याला कोण बघणार, आई कोयता चालवणार का लेकरू धरणार. ट्रॅक्टर भरला, वर गोधड्या, पाण्याची टाकी, कोंबड्यांची पाटी, त्याच्यावर मी. बाई आल्या. पळत आल्या, पदर खोचलेला. आईशी बोलल्या, वडलांशी बोलल्या, मुकादमाशी बी बोलल्या, मुकादम म्हणला, "बाई, रस्त्यातून सरा, गाडीला उशीर व्हतोय." बाई सरल्या न्हाईत. ट्रॅक्टर चालू, हॉर्न वाजतोय आन् ह्या मधी उभ्या. शेवटी माझ्या आईनंच हात जोडले, "बाई, तुमच्या पाया पडते, जाऊ द्या, आमी मुकादमाची उचल आगाऊ घेऊन खाल्लीय." तवा त्या बाजूला झाल्या. आईकडं बघून झाल्या. मला वाटलं आता त्या रडतील न्हाई तर काही तरी मोठं बोलतील. त्यांनी ट्रॅक्टरच्या संगं चालत चालत मला वरडून सांगितलं, "उसाच्या पानाला दोन्ही बाजूंनी तोंडं असतात! तिथं बघ! दुपारी पान काय करतं ते बघ!"

मी बघितलं की. वाढं, उसाचे हिरवे शेंडे, बांधता बांधता, भाऊ पाठीशी बांधलेला, भर दुपारी ज्या वावराचं पाणी तुटलेलं असायचं तिथली पानं सुरळीवाणी गुंडाळून घ्यायची आन् सांज झाली की परत सपाट. बाया म्हणायच्या, "काय बघती गं येड्यावाणी, पान कवा बघितलं न्हाई का?" मी म्हणायचे, "बघितलंय म्हणूनच बघती." हसायच्या. हसू द्या.

मग हंगामामागं हंगाम गेले, लग्न झालं, मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करत्यात, पण माझं माहेर उसाच्या फडावर, नवरा बी फडावर, म्हणून मी सासरीच, सासूपाशी. सासूला मी आत्याबाई म्हणते. मनानं वाईट न्हाई. दवाखान्यात पोरगी झाली तर तिनं तोंड वाकडं केलं न्हाई, गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. तिला एकच भ्याव, वाऱ्याचं. तिचं पहिलं लेकरू बाळंतिणीच्या खोलीतच गेलं, वारं लागून, असं ती सांगायची. म्हणून माझी खोली तिनं अशी बुजवली की बास. पत्र्याची खोली, पत्र्याच्या फटीफटीत चिंध्या कोंबल्या, खिडकीला गोणपाट, त्याच्यावर दुसरं गोणपाट, दाराखाली गोधडीची सुरळी. बाजेखाली शेगडीत कोळसे, त्याच्यावर ओवा न् वावडिंग टाकून धुरी. आमच्याकडं समद्या बाळंतिणींला असंच ठेवत्यात. थंडी बी लई पडली व्हती. आत्याबाई दार वढून घ्यायची आन् बाहीरून कडी घालायची, कुणी येता जाता वारं आत आणू नये म्हणून.

त्या दिशी सकाळी अंघोळ झाली, लेकराला शेकलं, पाजलं, आत्याबाईनं कोळसे जास्तीचे भरले आन् कडी घालून धुणं घेऊन गेली. मला गुंगी आली. बाळंतिणीला झोप येतीच, मी म्हणले झोपावं. पण डोकं असं झालं की कुणी तरी वरून जातं ठेवलंय, आन् मळमळ. लेकराला जवळ घेतलं तर ते तोंडच लावंना. रडंना बी. मी म्हणले पोट भरलं आसंल. हलवलं. डोळा उघडला, परत मिटला. तिची मान, मी काय सांगू, तिची मान माझ्या हातात अशी पडली, दुपारच्या पानावाणी.

आन् मला ती फांदी दिसली. खोटं न्हाई सांगत. पिवळी, मी जपलेली. मला धूर, कोळसा, वायू ह्यातलं काही म्हाईत नव्हतं, इतकंच वाटलं, आमाला खालून मलम लावलंय. समदी तोंडं बुजवल्यात.

उठले तर पाय माझे नव्हतेच. पडले. लेकरू छातीशी धरून रांगत दारापाशी गेले, दार वढलं, बाहीरून कडी. "आत्याबाई!" आवाजच निघंना. मग खिडकीकडं. भिंतीला धरून उभी राहिले, गोणपाट वढलं, ते खिळे मारलेलं, दाता‌नं धरून वढलं, फाटलं, त्याच्यामागचं दुसरं, ते बी वढलं आन् थंडगार वारं थोबाडीत मारल्यावाणी आलं. मी लेकराचं तोंड खिडकीच्या गजात धरलं. "घे," मी म्हणले, "घे गं माय, घे, घे, घे." माझा हात कापत व्हता, खरंच वाऱ्यानं मेली तर? आत्याबाईचं खरं असंल तर? मीच मारली असं व्हईल. तरी मी तिला गजापास्नं हलवलं न्हाई. आन् तिनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आन् मग असं भोकाड पसरलं की आख्खी आळी गोळा झाली.

आत्याबाई वलं धुणं टाकून पळत आली. "अगं मेले! वारं लागंल! झाक ते! झाक!" शेजारच्या कौसाबाई आल्या, आनखी दोघी-तिघी आल्या. कडी काढली तशी मी उंबऱ्यात येऊन बसले, उन्हात, लेकरू मांडीवर. कौसाबाई म्हणली, "भ्रमली गं बाळंतीण. धरा तिला, आत न्या." दोघींनी दंडाला धरलं. मी आख्ख्या जलमात मोठ्या बाईला उलटून बोलले नव्हते. म्हणले, "हात लावला तर चावीन." खरंच म्हणले. त्यांनी हात काढले.

"शेगडी बाहीर काढा आधी," मी म्हणले, "मग मी आत जाईन."

"तूच शहाणी लागून गेली का?" कौसाबाई म्हणली. "आमी न्हाई बाळंत झालो? आमाला न्हाई शेगडी?"

आत्याबाई माझ्यापुढं बसली, तिनं पदर तोंडात घातला आन् रडत म्हणली, "माझं पहिलं असंच गेलं गं, असंच गपगार. दार कुणी तरी उघडं टाकलं आसंल, वारं शिरलं, सकाळी बघते तर लेकरू गार. तुझ्या पाया पडते, आत ने तिला."

माझ्या तोंडात प्रश्न आला. तवा तुमच्या बाजेखाली कोळसे व्हते का. जिभेवर आला. तिच्याकडं बघितलं आन् गिळला. म्हणले, "आत्याबाई, दवाखान्यात चला." ती उठली आन् चप्पल न घालता रिक्षा बघायला गेली.

डॉक्टरांनी लेकराला ऑक्सिजनची नळी लावली, मला बी लावली, आन् आत्याबाईला बाहीर बोलवून रागवले. पोरगी वाचली. घरी आल्यावर मी बाईंला फोन लावला. त्यांचा नंबर मैत्रिणीकडून घेऊन ठेवला व्हता, लावायची छाती नव्हती. बाई आता वडवणीच्या अंगाला कुठंशी शाळेवर हायेत. मी एका दमात समदं सांगितलं, मला वाटलं शाबासकी देतील.

"दवाखान्यात नेलंस?"

"नेलं बाई."

"शेगडी कुठं आहे?"

"बाहीर, गोठ्यात."

"तिथंच राहू दे. कोळशातून वास नसलेला वायू निघतो. बंद खोलीत तो रक्तात शिरून हवेची जागा अडवतो. माणूस झोपेतच जातं." मग म्हणल्या, "आणि पान वेगळं, माणूस वेगळं. पान हवेतून अन्न करतं, तुम्ही नाही करत. परीक्षेत असं लिहिलं असतंस तर अर्धेच मार्क दिले असते मी."

"जी बाई."

"तरी पण," बाई म्हणल्या. नाक वढल्याचा आवाज आला. मग म्हणल्या, "नववी अर्धी राहिलीय तुझी. मी विसरले नाही." अशा बाई. आता त्यांचा फोन आला की मला घाम फुटतो, नववीचं इचारत्यात म्हणून, आन् आला न्हाई तर करमत न्हाई.

आत्याबाईनं खिडकी परत बुजवली न्हाई, पण माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढं सरकवायची, लेकराला तेल लावायची, न्हाऊ घालायची, बोलायची न्हाई. असे लई दिवस गेले. एक दिवस दुपारची लसूण सोलत बसली व्हती, वर न बघता म्हणली, "माझ्या बाजेखाली बी कोळसेच व्हते."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"दार उघडं नव्हतं त्या दिशी. मीच म्हणत आले, उघडं आसंल म्हणून. कडी माझ्या सासूनं घातलेली, सकाळी तिनंच काढली." लसूण सोलायची थांबली. "सांग, त्यानंच गेलं का ते?"

काय सांगावं. न्हाई म्हणले असते तर तिला झोप लागली असती. पण बाई आमाला कवा खोटं बोलल्या न्हाईत, अण्णाला बी बोलल्या न्हाईत. मी तिचा हात धरला आन् म्हणले, "असंल आत्याबाई."

तिनं मान हलवली. रडली न्हाई. लसणाची टरफलं गोळा केली, फुंकून टाकली, परत सोलाया लागली.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांत कौसाबाईची सून बाळंत झाली. पोरगा झाला, पेढे आले, आन् त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीच्या पत्र्याच्या फटीत चिंध्या दिसाया लागल्या. कौसाबाईच्या तोंडाला लागायचं म्हणजे, बाप रे. आतून कोळशाच्या धुरीचा वास आन् सुनेच्या खोकण्याचा आवाज येत व्हता. मी लेकरू कडंवर घेतलं, म्हणले जावं, भीत भीत जावं. अंगणात आले तर आत्याबाई माझ्या आधीच कौसाबाईच्या दारात.

"कौसे, कडी काढ."

"अय बाई, तुमच्या सुनेचं वारं तुमाला बी लागलं का?"

"काढ म्हणते."

"बाळंतीण हाय आत! वारं लागंल!"

आत्याबाईनं तिला बाजूला सारलं न्हाई, खिडकीपाशी गेली आन् बाहीरून गोणपाटाला हात घातला. टर्रकन फाटलं. घरातून माणसं बाहीर आली, कौसाबाईचा नवरा वरडाया लागला, "म्हातारे, डोकं फिरलं का तुझं?" आत्याबाई दुसऱ्या गोणपाटाला भिडली, फटीतल्या चिंध्या उपसाया लागली, एक एक काढून अंगणात फेकायची आन् वरडायची, "वारं न्हाई खात लेकरांला! मला इचारा! मी सांगते! वारं न्हाई खात!" इतकी वर्षं मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता, आळीनं बी ऐकला नव्हता.

माझ्या हातात फोन व्हता. मी बाईंला लावला. तासावर असतील, उचलणार न्हाईत असं वाटलं, उचलला. मी निस्ता फोन वर धरला, आत्याबाईकडं. लई वेळ तसाच धरला. मग कानाला लावला.

"कोण आहे ती?" बाईंनी इचारलं.

"माझी सासू."

"बोलू दे तिला," बाई म्हणल्या. "फोन ठेवू नकोस."